हगवणीला दरबारात हजर करा

भुजंगराव महाराजांचं पोट सलग नवव्या दिवशी बिघडलं आणि वाघोटी संस्थानात आता कुणाची तरी धडगत नाही, हे नक्की झालं. तसं गाव महिनाभर हगवणीने आडवं पडलं होतं. पण गावाच्या पोटासाठी दरबार भरवायची पद्धत वाघोटीत नव्हती. महाराजांचं पोट म्हटल्यावर मात्र सकाळी सकाळीच सगळे मानकरी गोळा झाले.

राजवैद्य धुंडिराजशास्त्री पुढे झाले. पुढे पुढे करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"महाराज, रोगाचं मूळ सापडलं. निळारी आळी! तिथे निळीच्या रांजणांत कापड रंगवतात, त्याचा घाण वास गावभर पसरतो."

"पुरावा काय?" महाराजांनी विचारलं.

"अख्खं गाव आजारी आहे आणि त्या आळीत एक माणूस आजारी नाही. म्हणजे रोग त्यांनीच बाहेर सोडला. नाहीतर त्यांनाही झाला नसता का?"

आता एवढ्या विद्वत्तेपुढे कोण काय बोलणार? महाराजांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं. निळाऱ्यांनी तीन दिवसांत आळी रिकामी करावी. तसं नको असेल, तर खरा गुन्हेगार, म्हणजे ती हगवण, पकडून दरबारात हजर करावी.

फर्मान ऐकून लिंबाजी निळारी रडायलाच लागला. रांजण जमिनीत पुरलेले, ते काय डोक्यावर घेऊन जायचे? आणि कापड रंगवण्यापलीकडे त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याची लेक येसू तेवढ्यात कामावरून उठली होती आणि आपले निळे हात चुलीतल्या राखेने खसाखसा घासत होती. जेवायची वेळ झाली होती.

"बाबा, रडायचं ते जेवून रडा," ती म्हणाली. "ही हगवण कुठून निघते ते मला माहीत आहे. कुठल्या वाटेने जाते ते तेवढं महाराजांना दाखवायचंय."

दुसऱ्या दिवशी ती वाड्यावर गेली आणि महाराजांना हात जोडून म्हणाली, "गुन्हेगार आणते. पण उद्याची सकाळ मला वाड्याच्या शेतखान्याबाहेर, शौचकूपाच्या दाराशी, बसू द्या."

मानकरी तोंडाला उपरणं लावून हसू लागले. महाराज म्हणाले, "वाड्यात जागा मागायला रोज शंभर जण येतात, पण ही जागा आजवर कुणी मागितली नव्हती. दिली!"

तिसऱ्या दिवशी उजाडताच येसू जागेवर हजर झाली. शेतखान्यात न्यायचा तांब्या तिने ओला केला, त्याच्या गळ्याला चिमूटभर नीळ चोळली आणि बाहेर राखेची परात मांडून बसली. येईल त्याला सांगायची, "मामा, हात घासून घ्या. मावशी, नखांतसुद्धा घासा." पहारेकऱ्यांनी घासले, दासींनी घासले. आचाऱ्याने कुरकुर केली, पण घासले.

मग धुंडिराजशास्त्री बाहेर आले.

"शास्त्रीबुवा, राख घ्या."

"राख भांड्यांना लागते, पोरी. वैद्याचा हात मुळातच शुद्ध असतो."

त्यांनी बोटांवर दोन थेंब पाणी घेतलं, काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. घाईच होती ना! महाराजांच्या औषधाची वेळ झाली होती. ते औषध म्हणजे मधातलं काळंभोर चाटण. राजवैद्याने त्यात बोट बुडवायचं आणि महाराजांनी ते बोट चाटायचं, हा शास्त्रीबुवांच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा मान. चमच्याचं नाव काढलं तरी त्यांचा अपमान व्हायचा.

औषध झालं, दरबार भरला. मागे लिंबाजी उभा होता. आळीतल्या बायकांनी गाठोडी बांधून ठेवली होती.

"कुठे आहे गुन्हेगार?" महाराजांनी विचारलं.

"इथेच आहे, महाराज. जरा जीभ बाहेर काढा."

"माझी?"

"आपलीच. तो तिच्यावर बसलाय."

महाराजांनी आरसा मागवला, जीभ बाहेर काढली आणि दचकले. जीभ निळीशार झाली होती. "विष!" कुणीतरी ओरडलं.

"विष नाही, आमच्या रांजणातली नीळ आहे," येसू म्हणाली. "आज सकाळी मी ती एकाच ठिकाणी लावली होती. शेतखान्याच्या तांब्याला."

महाराज मनातल्या मनात तांब्यापासून निघाले आणि हळूहळू आपल्या जिभेपर्यंत आले. मग त्यांनी राजवैद्यांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी घाईघाईने हात उपरण्यात लपवला, तर उपरणंही निळं झालं.

"हगवण याच वाटेने येते, महाराज. फक्त तिला रंग नसतो, म्हणून कुणाला दिसत नाही. आमच्या आळीत न घासलेला हात लागला की भाकरी निळी होते. म्हणून लहान-थोर सगळे जेवायच्या आधी राखेने हात घासतात. शास्त्रीबुवा म्हणतात, आम्ही रोग बाहेर सोडला. आम्ही त्याला नुसता घरात घेतला नाही."

"पण माझं औषध रामबाण आहे!" शास्त्रीबुवा कळवळले.

"असेल की. रोज एकाच बोटाने औषधही देता आणि रोगही. अकरा दिवसांत एक खाडा नाही!"

महाराज हसले. आधी बेताने, कारण पोटाचा भरवसा नव्हता. मग मात्र राहवेना आणि ते सिंहासनाचा हात धरून खदाखदा हसत सुटले. फर्मान तिथेच फाडलं. वाड्याचे सगळे फेटे-पागोटी यापुढे निळारी आळीतच रंगवायची, असा नवा हुकूम सुटला. राजवैद्यांचा मान कायम राहिला, पण चमच्याने.

मग महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि येसूपुढे धरलं.

येसूने ते दोन बोटांनी उचललं, पाण्याचं घंगाळ मागवलं, कडं त्यात चांगलं खळबळून घेतलं आणि मगच हातात घातलं.