वाकड्या आकड्याचं बोंड

मेंढ्या अजून आपसात बोलत, त्या काळातली गोष्ट. माळावर एक मेंढवाडा होता. राखणीला झिपऱ्या नावाचा कुत्रा, आणि कुंपणावर काटेरी बोंडांचं झुडूप. प्रत्येक बोंडाचा आकडा निराळा. कुणी शेळीच्या केसांना चिकटे, कुणी गाईच्या शेपटीला. एकाचा आकडा मात्र इतका वाकडा, की ते कशालाच चिकटेना.

"ना दात, ना नखं! तुझा उपयोग तरी काय?" झिपऱ्या हसायचा. बोंड मनातून खट्टू व्हायचं.

त्या साली एक लांडगा येऊ लागला. लबाड आधी लेंड्यांत लोळायचा, मग त्याला मेंढीचाच वास यायचा आणि झिपऱ्या फसायचा. दोन कोकरं गेली. झिपऱ्यानं अन्न सोडलं.

तिसऱ्या खेपेला कुंपणातून घुसताना लांडग्याचे राठ केस बोंडाला घासले, आणि तो वाकडा आकडा पहिल्यांदाच नेमका बसला. लांडग्यानं अंग झटकलं, पण बोंड सुटेना. पावलागणिक त्यातलं बी खुळखुळू लागलं.

"झिपऱ्यादादा, मला चावता येत नाही," बोंड ओरडलं, "पण मी ज्याला धरलंय, तोच चोर!"

झिपऱ्यानं झेप घेतली. झटापटीत बोंड फुटलं, बी कुंपणाकडेनं सांडलं. लांडगा लंगडत पळाला.

पुढच्या साली तो पुन्हा आला, तेव्हा झिपऱ्या खुशाल झोपला होता. नुसता वारा सुटला. सबंध कुंपण खुळखुळलं, आणि लांडगा आल्या पावली परत फिरला.