चिमाईच्या एक्केचाळीस चुली

या पंचक्रोशीतली मला माहीत नाही अशी एकही जुनी गोष्ट नाही. म्हणजे आहेत पुष्कळ, पण त्याही मी माहीत असल्यासारख्या सांगतो आणि ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. शिक्षण म्हणाल तर चौथीपर्यंत. चौथीत मी दोन वर्षं बसलो, तिसऱ्या वर्षी मास्तरांनीच हात जोडले. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर तुमचं तुम्ही सुधारून घ्या. तुम्ही शिकलेले, तेवढं तरी काम करा.

ही गोष्ट मी परवा मंजिरीला सांगितली. मंजिरी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची नात. ती अमेरिकेत शाळेत शिकवते आणि रजेवर आली की माझ्या ओट्यावर बसून तिकडचं सांगते. म्हणाली, तिकडं पोराला कुठली शाळा मिळणार हे घराच्या पत्त्यावर ठरतं. तिच्या शहरात एक मोठा रस्ता आहे. रस्त्याच्या अलीकडं घरं महाग, त्यांच्या करावर शाळा चालते, म्हणून तिथं पोहायला तलाव आणि वाजवायला पियानो. पल्याड घरं स्वस्त, म्हणून शाळेचं छत गळतं आणि एका पुस्तकात तिघं डोकं घालतात. पल्याडच्या एका आईनं पोरीसाठी आपल्या भावाचा पत्ता लिहिला. शाळेनं माणूस पाठवला, पोरगी सकाळी कुठल्या दारातून निघते ते बघितलं आणि तिचं नाव काढून टाकलं.

मला आपलं वाटायचं, अमेरिकेत सगळं नवीन असतं. म्हटलं, पोरी, ही तर आमच्या चिमाईची गोष्ट. बस, सांगतो.

फार वर्षांपूर्वी, जेव्हा आमच्या नदीला बारा महिने पाणी असायचं आणि आमच्या लोकांना तेवढे महिने अक्कलही असायची, तेव्हा धामणखेडात पहिली शाळा झाली. गाव नदीच्या अलीकडं. पल्याड एक वस्ती होती, तिला पल्याडवाडीच म्हणत; तिथं दगड फोडणारे वडार, टोपल्या विणणारे बुरूड आणि अशीच हातावर पोट असणारी माणसं राहायची. शाळेचे दगड पल्याडच्यांनी घडवले. पायऱ्या त्यांनी बसवल्या. वरचं छप्पर त्यांच्या बांबूंवर उभं राहिलं. शाळा पुरी झाली तशी ती माणसं हातपाय धुऊन नदी ओलांडून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोरांना दारातूनच परत लावलं.

कारण शाळेच्या कागदात लिहिलं होतं: धामणखेडाच्या शिवेत ज्याची चूल पेटते, त्याच्या मुलाला शाळा. त्या काळी घरं मोजत नव्हते, चुली मोजत. पाडव्याला कोतवाल चावडीच्या माळवदावर चढायचा आणि धूर मोजायचा. जेवढे धूर, तेवढं गाव. पल्याडचा धूर नदीच्या पलीकडं, म्हणजे शिवेबाहेर. कागद हैबतराव पाटलांनी लिहून घेतला होता. पाटील वाईट माणूस नव्हता, असं म्हणतात. असं त्यांचे नातूच म्हणतात, ते सोडा. त्यांना एवढीच काळजी होती की वडाराची पोरं अक्षरं गिरवायला लागली तर उद्या विहिरीचा दगड कोण फोडणार.

आता चिमाई. चिमाई पल्याडची म्हातारी, चुली घालणारी. माती, भुसा आणि गाढवाची लीद कालवून ती अशी चूल घालायची की तिच्यावरची भाकरी कधी करपली नाही. मातीला कान लावून ती ऐकायची, आणि माती तयार झाली की तिला आतून हुंकार यायचा, असं म्हणतात. धामणखेडात एकही घर नव्हतं जिथं चिमाईची चूल नव्हती. लग्न होऊन सून आली की आधी चिमाईला बोलावणं. पाटलांच्या वाड्यावरची चूलही तिचीच, दोन वैलांची, म्हणजे बाजूला आणखी दोन भांडी बसतील अशी. गावाच्या पोटात रोज तिच्या हातचा विस्तव जायचा, पण तिची नात गावात बसू शकत नव्हती.

नातीचं नाव बकुळा. आजी चूल लिंपायला गावात आली की बकुळा शाळेच्या खिडकीशी उभी राहायची. आतल्या पोरांचे पाढे चुकले की ही बाहेरून दुरुस्त करायची. मास्तर भला माणूस, तो ऐकू न आल्यासारखं करायचा. पण एक दिवस पाटलांचाच मुलगा सातच्या पाढ्याला अडखळला आणि खिडकीतून उत्तर आलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून खिडकीला बाहेरून तट्टा ठोकला. तट्टा पल्याडच्या बुरुडाकडूनच विणून घेतला, हे मी वेगळं सांगायला नको.

बकुळा घरी येऊन रडली नाही. ती जेवेना. दोन दिवस जेवली नाही तेव्हा चिमाई उठली आणि चावडीवर गेली. पंच बसले होते. तिनं पाटलांना विचारलं, पोरीला शाळेत घ्यायला काय लागतं? पाटील म्हणाले, कागदात आहे ते. गावात चूल लागते. चिमाईनं पुन्हा विचारलं, चूल असली की झालं? पाटलांना हसू आलं. सगळ्या पंचांसमोर ते म्हणाले, "झालं की. तुझ्यासारखीला काय अवघड आहे?"

इथं पाटील चुकले. चूल घालणाऱ्या बाईला त्यांनी चूल घाल म्हणून सांगितलं.

पल्याडवाडीत एक्केचाळीस घरं होती. चिमाईनं नदीच्या अलीकडं, शाळेच्या पटांगणाला लागून जी गावठाणाची मोकळी जागा होती, तिथं नऊ दिवसांत एक्केचाळीस चुली घातल्या. घर नाही, भिंत नाही, नुसत्या चुली. वर बुरुडांनी तट्ट्यांचं छप्पर घातलं. दहाव्या दिवशी पहाटे पल्याडच्या बाया खापरांत निखारे घेऊन नदीतून चालत आल्या आणि प्रत्येकीनं आपापली चूल पेटवली. गाव उठलं तेव्हा शाळेपाशी एक्केचाळीस धूर सरळ वर जात होते.

पाटील धावत आले. विचारलं, घरं कुठं आहेत? चिमाई म्हणाली, "घराचं तुमच्या कागदात नाही. चूल लिहिलीय, ती घातली." पाटलांनी पाय उचलला खरा, पण तसाच खाली ठेवला. पेटती चूल लाथेनं मोडायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्यानं मोडणाऱ्याच्याच घरातलं अन्न उठतं म्हणतात. आणि पल्याडच्या बाया हुशार. जेवण उरकलं की निखारे राखेत झाकून ठेवायच्या, म्हणजे चूल कधी मेली असं होतच नव्हतं.

पोरं शाळेत बसली. पण पाटील ते पाटील. त्यांनी पंचांकडून एक कलम वाढवून घेतलं. वस्तीची चूल म्हणजे रोज पेटणारी चूल. एक दिवस जरी कुठली थंड पडली तर ती वस्ती उठली आणि पोराचं नाव गेलं. चिमाईनं मान डोलावली. त्या दिवसापासून ती चुलींपाशीच राहायला लागली.

भाद्रपदात नदीला पूर आला. असा पूर की पल्याडची माणसं आपल्याच दारातून आपल्या चुली बघत राहिली, आणि मध्ये पाणी. अलीकडं चिमाई एकटी. तीन दिवस पाणी उतरलं नाही. पहिला दिवस तिनं गोवऱ्या पुरवून पुरवून एक्केचाळीस चुली जागत्या ठेवल्या. या टोकाची फुंकून होईपर्यंत त्या टोकाची विझू लागायची. तिला त्या दिवशी एक्केचाळीस हात फुटले होते, असं म्हणतात. मी म्हणतो दोनच होते, म्हणून तर ती गोष्ट झाली. दुसऱ्या सकाळी गोवऱ्या संपल्या. पाटलांनी कोतवालाला माळवदावर चढवून ठेवलं होतं, धूर कमी झाला की हाक मारायला.

आणि त्या सकाळी धामणखेडातली एकही चूल पेटेना.

सरपण कोरडं होतं, माळ्यावरचं. निखारे लाल होते. पण चुलीत घातले की काळे पडायचे. गावातला सगळा विस्तव नदीकाठच्या बहिणींकडं गेला होता, असं म्हणतात. सगळ्या चिमाईच्याच लेकी ना त्या. कुणी म्हणतं, हवाच दमट होती. म्हणू दे. दुपारपर्यंत घराघरांत पोरं भुकेनं रडायला लागली. तेव्हा वाड्यावरून पाटलीणबाई निघाल्या, पावसाला म्हणून डोक्यावर पोत्याची खोळ, काखेत पिठाची परात, मागं गड्याच्या डोक्यावर सरपण. त्या काठावर आल्या आणि म्हणाल्या, "चिमाई, माझ्या भाकरी इथं होतील का?"

चिमाई राख सारत होती. तिनं वर न बघता विचारलं, "ही चूल दगडू वडाराची हाय. हिच्यावरची भाकरी वाड्यावर चालंल का?"

त्या काळी वडाराच्या चुलीवरची भाकरी वाड्यावर जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला आज कळायचं नाही. किंवा कळेलही, तुम्ही कुठं राहता त्यावर आहे. पाटलीणबाईंनी पदर खोचला आणि त्या चुलीपुढं बसल्या. पहिली भाकरी टम्म फुगली. ते बघून मागून सगळ्या गावच्या बाया आल्या, सरपण घेऊन. दोन दिवस गावाचा सगळा स्वयंपाक एक्केचाळीस चुलींवर झाला. कोतवाल वरून ओरडायचा, धूर एक्केचाळीस. पाटलांनी भिंतीकडं तोंड करून भाकरी खाल्ली, पण खाल्ली. आणि ज्या चुलीची भाकरी पोटात गेली, ती चूल गावात नाही असं म्हणायला त्यांना तोंड उरलं नाही. कलम फिरलं. कागदावर एवढंच लिहिलं गेलं: ज्याला शिकायचं त्याला शाळा.

चौथ्या दिवशी पूर उतरला. पल्याडची माणसं धावत आली, तर सगळ्या चुली जागत्या आणि चिमाई कुठंच नाही. शेवटच्या चुलीवर तिच्या हाताचा ओला पंजा उमटलेला होता. ती मातीत गेली आणि माती तयार झाल्यावर येते तसा हुंकार तेवढा ऐकू आला, असं म्हणतात. बकुळा पुढं त्याच शाळेत मास्तरीण झाली, असं म्हणत नाहीत. ते हजेरीपुस्तकात आहे, मी स्वतः पाहिलंय. माझी गैरहजेरी शोधायला गेलो होतो.

अजूनही आमच्याकडं शाळेच्या पहिल्या दिवशी पटांगणात एक चूल घालतात. नाव घालायला आलेल्या प्रत्येक पोराच्या घरून मूठभर माती येते. एरवी खिचडी गॅसवर, पण त्या दिवशी पहिलं आधण चिमाईच्या चुलीवर. मास्तर पोराला पत्ता विचारत नाहीत, बापाचं काम विचारत नाहीत. विचारतात, चूल पेटली का? पोरगं म्हणतं, पेटली. झालं नाव दाखल.

एवढं सांगून मी मंजिरीला म्हटलं, तुझ्या अमेरिकेला सांग आमच्या गावाचं. पाहिजे तर एक चूल बांधून देतो, बॅगेत घालून ने. आमच्यासारखी शाळा तुमच्या त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नसेल.

मंजिरी हसली नाही. म्हणाली, "नाना, परवा आपल्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी गेले होते. एकोणीस पोरं होती, एकोणीसच्या एकोणीस पल्याडवाडीची. अलीकडची सगळी तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसली, तुमचा पणतूसुद्धा. अमेरिकेत रस्त्यापल्याडची पोरं कशीबशी वर्गात आलीच, तर अलीकडच्यांना निदान घर विकून दुसरीकडं जावं लागतं. तुमच्याकडं तर गाडी दारात येते."