टपावरचा तंबू आणि ठकूबाईंचं पाल

माणदेशातल्या एका तलावाकाठी दाभाडेसाहेबांनी गाडी उभी केली आणि तिच्या टपावर अडीच लाखांचा तंबू उलगडला. वस्तीवरून दूध घेऊन आलेल्या ठकूबाई कोळेकरांना ते वरूनच तंबूची थोरवी सांगू लागले. ठकूबाई तंबूच्या शिडीपाशी उभ्या राहून, मान वर करून ऐकत होत्या.

त्यांना आपलं कापडी पाल आठवलं. मेंढरांमागं कोकणात उतरताना मालक ते दोन काठ्यांवर उभारायचे. कडाक्याच्या थंडीत कुणी वाटसरू आला, तर चुलीशेजारी त्यालाही जागा व्हायची. मालकांना जाऊन सात वर्षं झाली होती.

“आमच्या मालकांनी पालातच सौंसार केला,” त्या म्हणाल्या.

साहेब हसले. “त्या फाटक्या पालाची याच्याशी बरोबरी? यात नाही असं काय होतं त्यात? एक तरी सांगा.”

“पालाला शिडी नव्हती, सायेब,” ठकूबाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणून दारात आलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणता यायचं.”

साहेब सावकाश खाली उतरले आणि त्यांनी गाडीतली सतरंजी गवतावर अंथरली.

“बसा, आजी. मालकांचं पाल कसं होतं, ते सांगा.”