हैबतीने सायकलची चेन गप्प केली

एका गावात एक भोळा गडी होता. नाव हैबती. भोळा हा शब्द मी आपला मोठ्या मनाने वापरतोय. त्याची बायको शेवंता सोडली तर सगळी कोरेवाडी त्याच्यासाठी दुसराच शब्द वापरायची, आणि तो काही मी पोराबाळांसमोर काढणार नाही.

या हैबतीकडे एक सायकल होती. तिची चेन ओरडायची. साधीसुधी नाही, चांगली गळा काढून ओरडायची. हैबती रस्त्याने निघाला की म्हशी दावं तोडायला बघायच्या आणि पाळण्यातली पोरं दचकून उठायची. हैबतीला त्याचं काहीच वाटायचं नाही. घंटी वाजवायचे कष्ट वाचतात, म्हणायचा.

एकदा तो शेवंताला मागे बसवून सासुरवाडीला, दरेगावला गेला. सायकल गावात शिरली तशी पारावरची माणसं उठून उभी राहिली.

"कुणाचं डुक्कर धरलंय रे?" एकाने विचारलं.

"डुक्कर नाही," दुसरा म्हणाला, "धुमाळांचे जावई आलेत."

सासऱ्याने हे ऐकलं. त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. जेवण उरकून हात धुतल्यावर तो म्हणाला, "जावईबापू, गावात मान खाली घालायला लावलीत. आता ऐका. येत्या बाजारच्या दिवशी शेवंताचा भाऊ येतोय. भावजयीच्या बाळंतपणाला तो हिला घेऊन जाणार. एकदा गेली की वर्षभर काही परत यायची नाही. तोवर पोरगी इथेच राहील. बाजाराच्या आत चेन गप्प करून आलात, तर खुशाल घेऊन जा पोरीला. नाहीतर बसा घरी एकटे भाकरी थापत."

हैबतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेवंतावर त्याचा फार जीव. तिचाही त्याच्यावर होता. का होता ते मला विचारू नका, असतो एकेकाचा. ती त्याला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "अहो, चेनला तेल घालायचंय, बाकी काही नाही. पण कुठलं घालायचं ते जाणत्या माणसाला विचारा. सांगतील तसंच करा. आपलं डोकं मधे घालू नका."

"नाही घालणार," हैबती म्हणाला. आणि गडी शब्दाचा पक्का.

घरी आला तर शेजारच्या बनाकाकू भजी तळत होत्या. हैबतीने विचारलं, "काकू, चेनला तेल कुठलं घालू?"

"मेलं तेल म्हणजे तेल," काकू म्हणाल्या. "हे कढईतलं उरलंय, घेऊन जा."

हैबतीने कढई नेली आणि सगळी चेनवर ओतली. त्यात कांद्याचे तुकडे होते, ओवा होता, बेसनाचा चुरा होता. दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या रस्त्याला लागला तेव्हा गावभर खमंग वास सुटला. पहिल्यांदा मागे कुत्री लागली. मग कोंबड्या लागल्या. एक शेळी लागली आणि शेळीच्या मागे शेळीवाली लागली. अशी सगळी वरात तालुक्याच्या गुलाब मिस्त्रीच्या सायकल-दुकानापुढे येऊन थांबली. चेन अजून ओरडतच होती, फक्त मधूनमधून कुरुमकुरुम असाही आवाज यायला लागला होता.

गुलाब मिस्त्री पंक्चर काढत होता. त्याने चेनला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "अरे येड्या, चेनला खायचं तेल घालतात का? ते चिकटतं, वाळतं, मुंग्या लागतात. जे माणूस तोंडात घालणार नाही, ते चेनला घालावं."

"बरं," हैबती म्हणाला.

परतताना रस्त्याचं काम चाललं होतं. मोठ्या पिंपात काळंभोर डांबर उकळत होतं. हैबती उतरला. डांबर ढवळणाऱ्याला म्हणाला, "भाऊ, हे तुम्ही तोंडात घालता का?"

"तुझं डोकं फिरलंय का रे?"

"नाही घालत ना? मग द्या वाटीभर."

रात्री त्याने ते चेनला चोपडलं, अगदी हात राखून नाही, भरभरून चोपडलं. सकाळी सायकल बाहेर काढली तर काय! आवाज बंद. एवढासाही नाही. हैबती आनंदाने नाचला. मग सायकल खांद्यावर घेतली आणि घामाघूम होत मिस्त्रीकडे गेला.

"मिस्त्री, गप्प झाली बघा!"

"मग खांद्यावर का आणलीस?"

"चाक फिरत नाही ना."

मिस्त्रीने चेन पाहिली. ती आता चेन राहिली नव्हती, काळी काठी झाली होती. "अरे दगडा! इतकं जाड घालतात का? जाड घातलं की माती धरतं, सगळं जाम होतं. हे आधी रॉकेलने धुऊन काढ. आणि मग पातळ घाल. पाण्यासारखं पातळ."

"बरं," हैबती म्हणाला.

घरी येऊन त्याने रॉकेलने चेन धुतली. चकचकीत झाली, तोंड दिसेल अशी. आता पाण्यासारखं पातळ काय असतं, याचा त्याने जोत्यावर बसून विचार केला. दूध पातळ असतं, पण पाण्यासारखं नाही. ताक पातळ असतं, पण पाण्यासारखं नाही. पाण्यासारखं म्हणाल तर एक पाणीच असतं. त्याने तांब्याभर पाणी घेतलं आणि चेनला सकाळ-संध्याकाळ घातलं, तुळशीला घालावं तसं.

चेन गंजून लाल झाली. आणि ओरडली म्हणता? आधी एका आवाजात ओरडायची, आता दोन आवाजांत ओरडायला लागली.

"पाणी?" मिस्त्री म्हणाला. "पाणी घातलंस?"

"तुम्हीच म्हणालात."

मिस्त्रीने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि हैबतीला समोर बसवलं. "चूक माझीच. आता नीट ऐक. शिंप्याकडे जा. शिलाई मशीनला घालतात ते तेल आण. चेनचा एकेक जोड बघायचा आणि प्रत्येकावर एक थेंब सोडायचा. एकच. मग तेल आत मुरू द्यायचं. मुरलं की फडक्याने वरचं पुसून घ्यायचं. आत मुरतं तेच कामाला येतं, वर राहतं ते नुसती धूळ गोळा करतं. कळलं?"

"कळलं."

"काय करशील, सांग."

हैबतीने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकलं नाही. मिस्त्रीला इतका आनंद झाला की त्याने चहा मागवला.

आणि खरं सांगतो, हैबतीने तसंच केलं. शिंप्याकडून तेल आणलं. एका जोडावर एक थेंब, दुसऱ्या जोडावर दुसरा थेंब, असं जीभ दातांत धरून सगळी चेन पुरी केली. मला तर वाटलं, गोष्ट संपली, आता उठायला हरकत नाही.

पण मग आलं मुरवायचं. आणि मुरायला काय कुठे घालतात, हे हैबतीला लहानपणापासून पाठ होतं. त्याने सायकलची चेन काढली, फडताळातली लोणच्याची रिकामी बरणी घेतली, चेन आत सोडली, वरून उरलेलं तेल ओतलं आणि तोंडाला फडकं बांधून बरणी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली.

बनाकाकू विरजण मागायला आल्या. बरणी दिसली. "अगं बाई, शेवंता नसताना लोणचं घातलंस? कशाचं रे?"

"चेनचं," हैबती म्हणाला. "काकू, मुरायला किती दिवस लागतील हो?"

काकूंना ऐकू जरा कमीच यायचं. "पंधरा दिवस तरी हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि दिवसाआड हलवत जा."

पंधरा दिवस! उद्या तर बाजार. काकू गेल्यावर तो बरणी मांडीवर घेऊन बसला आणि हमसून हमसून रडला. रडता रडता बरणी हलवत राहिला, कारण हलवायची असते. मग डोळे पुसले, एका हाताने बरणी छातीशी धरली, दुसऱ्या हाताने बिनचेनची सायकल ढकलत तालुक्याला गेला.

"मिस्त्री, लवकर मुरेल असं काहीतरी करा हो. उद्या माझी बायको जाईल. वर्षभर यायची नाही."

मिस्त्रीने फडकं सोडलं. आत डोकावलं. चेनला हळद लागली होती, मोहरी लागली होती, जुन्या लोणच्याचा एक लवंगेएवढा तुकडा मधल्या जोडात अडकून बसला होता. मिस्त्री तोंड उघडणार होता, पण हैबतीचे सुजलेले डोळे बघून त्याचं काळीज पाघळलं. काही न बोलता त्याने चेन काढली, धुतली, पुसली, तेल घातलं, चढवली. पायडल फिरवलं. चाक भिरभिरलं. आवाज म्हणाल तर माशी गेल्याइतकाही नाही.

"जा आता," मिस्त्री म्हणाला. "ही तेलाची कुप्पी जवळ ठेव. वाटेत कुठे आवाज आला, की तिथे दोन थेंब टाक. बाकी काही करू नकोस. आणि चालवताना समोर बघ. सारखा मागे वळून बघितलास तर तोंडावर पडशील."

"बरं," हैबती म्हणाला.

तसाच तो दरेगावच्या वाटेला लागला. सायकल कशी लोण्यातून चालली होती. दरेगावच्या उताराला त्याने ब्रेक दाबला आणि, किर्रर्र!

आवाज!

हैबतीने लगेच सायकल थांबवली. पुढच्या ब्रेकच्या रबराला दोन थेंब, मागच्या रबराला दोन थेंब. ब्रेक दाबून पाहिला. आवाज बंद. "शाब्बास," तो कुप्पीला म्हणाला आणि उतारावर सायकल सोडली.

आज शेवटचा दिवस, म्हणून सासऱ्याच्या दारात शेवंता पिशवी घेऊन वाट बघत उभी होती. सासरा शेजारी कानावर हात धरून तयार होता. त्याने सायकल येताना पाहिली आणि हळूहळू हात खाली घेतले. "अरेच्चा! आवाज नाही की! या, जावईबापू, या!"

जावईबापू आले आणि निघून गेले.

"अहो, थांबा की!" शेवंता ओरडली.

"थांबतोयच!" हैबती लांबून म्हणाला. त्याने दोन्ही ब्रेक गच्च दाबले होते.

गावापलीकडे चढ होता. तिथे सायकलचा जोर संपला, तशी हैबतीने ती वळवली आणि पुन्हा उतारावरून सुसाट घराकडे आला. शेवंता हुशार. तिने पदर खोचला, पिशवी काखेला मारली आणि म्हणाली, "मी पळत जाऊन बसते."

"तू सर मागे," सासरा म्हणाला. "मी धरतो." आणि सायकल दारावरून जाताच त्याने धावत जाऊन कॅरिअर धरलं. सायकल थांबली नाही. सासऱ्याचे पाय तेवढे जमिनीवरून सुटले. तो धप्पकन कॅरिअरवर बसला आणि त्याच्या धोतराचा सोगा कॅरिअरच्या चापात अडकला.

हैबतीला मागे वजन जाणवलं. त्याचं काळीज सुपाएवढं झालं. "बसलीस? चल गं माझी बाय!" म्हणत त्याने अंगात दहा माणसांचं बळ आणून चढावर पायडल मारायला सुरुवात केली. वळून बघावंसं फार वाटलं. पण समोर बघायचं होतं.

"अरे थांब! थांब रे!" मागून आवाज आला.

आवाज कुणाचा, का, याचा विचार करणं म्हणजे डोकं मधे घालणं. हैबतीने खिशातून कुप्पी काढली, हात मागे नेला आणि आवाजाच्या जागी दोन थेंब सोडले. आवाज बंद झाला.

"शेवंता," हैबती प्रेमाने म्हणाला, "तुझ्या बापाचा राग धरू नकोस हां. म्हातारं माणूस. अक्कल कमी झालीय."

"क्काय?" मागून आवाज आला.

दोन थेंब.

"गाढवा! मी—"

दोन थेंब.

कोरेवाडी येईपर्यंत कुप्पी रिकामी झाली होती आणि मागे अगदी चिडीचूप होतं. सायकल कडब्याच्या गंजीत घुसली तेव्हा कुठे थांबली. बनाकाकू भाकरतुकडा घेऊन लगबगीने आल्या. "आणलीस का रे बायको?"

"आणली," हैबती म्हणाला. "एवढासा आवाज न होता."

काकूंच्या हातातला तुकडा खाली पडला. हैबतीने वळून पाहिलं. सायकल आता चालत नव्हती, त्यामुळे बघायला हरकत नव्हती. कॅरिअरवर सासरा बसला होता. पटका वाटेत गेला होता आणि मिशांतून तेल ठिबकत होतं.

"मामा, तुम्ही?" हैबती म्हणाला. मग त्याला महत्त्वाचं आठवलं. "ते असू द्या. आधी खरं सांगा, चेनचा आवाज आला का?"

सासऱ्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. तेलाचा एक बुडबुडा आला आणि फुटला.

"ऐकलंत काकू? एकदम बंद!" हैबतीने टाळी वाजवली आणि सासऱ्यापुढे अदबीने हात जोडले. "मग मामा, शेवंताला न्यायला आता कधी येऊ?"