ओशाळ्या घेवड्याचं बी

डोकं सांभाळा. इथे येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी कपाळ आपटून घेतो आणि मग विचारतो, की कुंपणातून ये-जा करायला वाट ठेवलीत ती एवढी ठेंगणी का? आमच्या माळसण्यात परसबाग नाही असं घर नाही, आणि दोन परसांच्या मधल्या कुंपणाला वाकण नाही असंही कुठे दिसणार नाही. वाकण म्हणजे ही वाट. खाली दगड, वर आडवा वासा. सरपंच असो नाहीतर कालची नवी नवरी, वाकल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही.

तुम्ही रंग बघायला आलात, ते आधी बघून घ्या. ही पांढरी वांगी, ही लाल भेंडी, ही पट्ट्यापट्ट्यांची काकडी. तो राखेच्या रंगाचा आहे ना, तो भोपळाच आहे, सडलेला नाही. हसू नका, मागच्या वेळी एका ताईंनी नाक दाबलं होतं. पण ज्याच्यासाठी एवढा घाट चढून आलात तो हा, मांडवावरचा. शेंग दुधासारखी पांढरी, आणि कडेनं ही लाली. याला आम्ही ओशाळा घेवडा म्हणतो. याचं बी मात्र मागू नका. बी कोणाच्या हातात द्यायची या गावात रीत नाही. का नाही ते सांगते. बसा या कट्ट्यावर.

फार मागची गोष्ट. गावात तेव्हा रस्ता नव्हता, नळ नव्हता, आणि परसात हिरव्याशिवाय दुसरा रंगही नव्हता, असं सांगतात. तो रंग आणला हौसाबाईनं. ती या गावात सून म्हणून आली ती पदराच्या गाठीत माहेरचं बी बांधून. लोकांच्या परसात दोडके आणि कारली, तर हिच्या परसात पांढरी वांगी आणि लाल भेंडी. आणि सगळ्यांवर ताण म्हणजे तिचा घेवडा. शेंग गर्द जांभळी, मोराच्या मानेसारखी झळाळणारी. बीसुद्धा जांभळं, वर काळे ठिपके. आसपासच्या गावांतल्या बायका नुसता तो मांडव बघायला यायच्या म्हणे. वाघजाईच्या जत्रेला देवीच्या पानावर गावातली सगळ्यांत देखणी भाजी वाढायचा मान असायचा. तो मान वर्षानुवर्षं हौसाबाईच्या घेवड्याचा. तिला मूलबाळ होतं, शेत होतं, नवरा धड होता. पण गावानं तिला ओळखलं ते त्या घेवड्यानं, आणि तिनंही स्वतःला त्यानंच ओळखलं.

शेजारी धुरपदा होती. बायजाबाईची सून. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि पदरी मूल नव्हतं. गरीब स्वभावाची, खाली मान घालून कामाला जुंपलेली. एका अक्षय्य तृतीयेला ती हौसाबाईच्या दारी आली. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेल लावायचे, ही रीत तुमच्याकडेही असेल. ती म्हणाली, "आक्का, घेवड्याचं चार दानं द्याल का? यंदा आळं म्या एकटीनंच केलंय."

आता पंचाईत अशी, की त्या काळी गावात एक दंडक होता. दारी आलेल्या बाईला बी नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर आपलंच पीक किडतं असं मानत. देवीच्या मानाच्या घेवड्याचं बी मागायला मात्र आजवर कोणी धजलं नव्हतं. हौसाबाईला नाही म्हणवेना आणि द्यायलाही हात होईना. शेजारच्या मांडवावर तसाच जांभळा घेवडा लटकला, तर मग आपण कोण उरलो? बाई मनानं वाईट नव्हती, असं सांगणारे आवर्जून सांगतात. मला ते पटतं. मनानं वाईट असती तर तिला लाज वाटली नसती, आणि ही सगळी गोष्ट लाजेचीच आहे.

तिनं काय केलं, "उद्या ये" म्हणून धुरपदाला परत पाठवलं. चुलीवर आधणाचं पाणी खळखळत होतं. मूठभर बी फडक्यात बांधलं आणि ती पुरचुंडी त्या आधणात सोडली. काढून उन्हात वाळवली. दुसऱ्या दिवशी धुरपदाच्या ओंजळीत तेच बी घातलं. दंडकही मोडला नाही आणि घेवडाही घरातच राहिला. बियाचा रंग तेवढा उतरला होता, जांभळ्याचं मातकट झालं होतं. बायजाबाई सुनेबरोबर आली होती, अंगणातच उभी होती. ती म्हणाली, "बी जुनं दिसतंया." हौसाबाई म्हणाली, "असंच असतंया ते." एवढं खोटं बोलून ती भाकरी थापायला बसली.

घेवडा काही उगवला नाही. उगवणार कुठून?

धुरपदानं ते बी का मागितलं होतं, ते हौसाबाईला नंतर पाणवठ्यावर कळलं. बायका बोलत होत्या. बायजाबाईनं सुनेला सांगितलं होतं म्हणे, की तुझ्या हातानं आळ्यात वेल रुजला तर तुझी कूसही रुजेल, मी थांबेन. नाही रुजला तर पोराचं दुसरं लग्न लावीन. आणि धुरपदानं सगळ्या गावात रुजायला सगळ्यांत चांगलं म्हणून नाव असलेलं बी निवडलं होतं. विश्वासानं निवडलं होतं.

हौसाबाई घागर भरून घरी आली. तेव्हाच बोलायला हवं होतं. चार पावलांवर शेजारचं घर. ती बोलली नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिली, आणि जेवढे दिवस गेले तेवढं ते तोंडातून निघणं कठीण होत गेलं. त्या वर्षी तिनं स्वतःच्या आळ्यात घेवडा लावला नाही. डब्यात बी होतं, पण त्याला हात लावायला ती धजली नाही.

शेवटी बायजाबाईनं दुसरी मुलगी बघितली. चातुर्मासाच्या आत लग्न उरकायचं ठरलं. धुरपदाला माहेरी धाडायचं ठरलं. निघायच्या सकाळी धुरपदा गाठोडं घेऊन हौसाबाईच्या दारी आली आणि वाकून पाया पडली.

"आक्का, तुमचं येवढं चांगलं बी मातीत घातलं म्या. माजा हातच वंगाळ. राग धरू नगा."

हौसाबाईनं काय केलं असेल? काहीच नाही. "जा, नीट जा," एवढं म्हणाली म्हणे. ज्या बाईचं घर आपण मोडलं ती आपलीच क्षमा मागून गेली, आणि आपण आशीर्वाद दिला. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं असणार. पण जमीन कोणाला पोटात घेत नाही. जगावं लागतं, चूल पेटवावी लागते.

त्या दिवसापासून हौसाबाई धुरपदाच्या आळ्याला पाणी घालायला लागली. कुंपणात एक जागा मोडलेली होती, कुत्रं जाईल एवढी. त्यातून ओणवी होऊन, घागर पुढे ढकलत ती पलीकडे जायची. वैशाख संपून ज्येष्ठ लागलेला, झरा आटत आलेला, घरात प्यायला पाणी पुरत नव्हतं. आणि ही बाई उकडलेल्या बियाला पाणी घालत होती. ते उगवणार नाही हे अख्ख्या गावात फक्त तिलाच ठाऊक होतं. तरी घालायची. तोंडानं जे सांगता येत नव्हतं त्यासाठी दुसरं काय करावं, ते तिला सुचलं नसावं.

लोकांनी ते पाहिलं, आणि काय म्हणावं? "बघा, केवढ्या मनाची बाई! शेजारणीचं आळं सुकू देईना." पाणवठ्यावर तिला पुढे जायला वाट देऊ लागले. हे मात्र तिला सोसेना. मार खाणं सोपं, पण न केलेल्या चांगुलपणाची शाबासकी पाठीवर घेऊन चालणं कठीण.

दुसऱ्या लग्नाची सुपारी फोडायला वाघजाईच्या देवळात माणसं जमली होती. हौसाबाई तिथे गेली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "धुरपदाच्या हातात खोट न्हाई. म्या बी उकडून दिलं हुतं."

कोणी विश्वास ठेवला नाही! एक म्हातारा उठून म्हणाला, "हौसाबाई, दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घेताय, तुमची थोरवी हाय." बायजाबाईसुद्धा डोळे पुसत म्हणाली, "आक्के, तुजी माया कळती मला. पर नशिबाला काय करायचं?" आयुष्यभर जो मान तिनं जपला, तोच आता तिला खरं बोलू देईना.

तशी ती घरी गेली. डबा घेऊन आली. देवळासमोर प्रसादाच्या भाताचं आधण ठेवलेलं होतं. डब्यातलं सगळं बी तिनं लोकांना दाखवलं, जांभळं, काळ्या ठिपक्यांचं. तिची आई वारली होती, माहेरचे मांडव कधीच मोडले होते, आणि ते बी आता या डब्यापलीकडे कुठेच उरलं नव्हतं. ते तिनं पदराच्या टोकात बांधलं आणि आधणात धरलं. एक दाणाही मागे ठेवला नाही. हात भाजला म्हणतात. मग तो ओला पदर बायजाबाईपुढे सोडला.

"बघा वयनी. असंच हुतं का न्हाई?"

बियाचं मातकट झालं होतं. बायजाबाईनं एक दाणा उचलला. बराच वेळ बोटांत फिरवला. तिला अंगणातली ती सकाळ आठवली असणार, आणि हेही आठवलं असणार, की असल्या चार दाण्यांवर आपण एक सून तोलली होती. "असंच हुतं," ती म्हणाली, आणि तिचीही मान खाली गेली. सुपारी फुटलीच नाही. म्हातारा कधी उठून गेला ते कोणाला कळलं नाही.

धुरपदाला आणायला दोघी गेल्या, बायजाबाई आणि हौसाबाई. ती लगेच आली नाही, असंही काहीजण सांगतात, आणि यायला का हवं होतं लगेच? आली तेव्हा आधी घरात न शिरता मागच्या परसात गेली. आळ्यात एक कोंब वर आला होता. कोणी म्हणतं वाघजाईची करणी. कोणी म्हणतं पुरचुंडीच्या गाठीशी अडकलेला एखादा दाणा नीट उकडला नसेल. मी वाद घालत नाही. त्या कोंबाचा वेल झाला आणि मार्गशीर्षात शेंगा धरल्या. जांभळ्या नव्हेत. रंग तर आधणातच गेला होता. शेंगा पांढऱ्याफटक. हौसाबाई पहिल्यांदा त्या मांडवाखाली येऊन उभी राहिली तेव्हा शेंगांच्या कडा लाल झाल्या, असं सांगतात. ती लाली पुन्हा गेली नाही.

बी धरलं तेव्हा धुरपदा त्या मोडक्या कुंपणातून ओणवी होऊन हौसाबाईच्या परसात आली. हौसाबाईनं ओंजळ पुढे केली नाही. कुठल्या तोंडानं करणार? धुरपदानं स्वतःच आळं उकरलं, स्वतःच दाणे टोकले, वर माती सारली आणि म्हणाली, "आक्का, उगवस्तोवर पानी घालाया मीच यीन. तुमी बसा."

हौसाबाई बसली नाही, पण तिनं वरही पाहिलं नाही. धुरपदा रोज आली, आणि हौसाबाई रोज मान खाली घालून तिच्या घागरीखाली चुंबळ धरत राहिली.

धुरपदाला पुढे मूल झालं का, असं सगळेच विचारतात. ताई, तुमच्याही ओठावर तोच प्रश्न आहे, मला दिसतो आहे. सांगणाऱ्यांनी ते सांगितलेलं नाही, आणि आम्ही विचारत नाही. तेव्हाच्या लोकांनाही हाच एक प्रश्न पडला होता. सगळं बिघडलं ते तिथेच.

आजही माळसण्यात बी कोणी हातावर देत नाही. देणारीनं वाकणीतून वाकून जायचं, शेजारणीच्या आळ्यात आपल्या हातानं टोकायचं, आणि कोंब दिसेपर्यंत पाणी घालायलाही तिनंच जायचं. तोवर आपल्या परसातला घेवडा आपण खायचा नाही. तुमच्या गावी येऊन मी पाणी घालू शकत असते तर बी दिलं असतं. म्हणून हा घेवडा कधी घाट उतरून खाली गेला नाही.

आता मला उठायला हात द्या. ऊन उतरलं, शेजारच्या आळ्याला पाणी घालायचं आहे. नव्या सुनेनं बी मागितलं होतं. गावात सगळ्यांत ठेंगणी वाकण कोणती, असं मघाशी या दादांनी विचारलं. ही आमचीच. हौसाबाईचं घर हेच. माझ्या सासूनं मला घरात घेतलं तेव्हा आधी ही वाकण दाखवली होती, आणि म्हणाली होती, वासा कितीदाही बदल, पण वर चढवू नकोस. गुडघे धरलेत आता, तरी वाकता येतं अजून. ती घागर तेवढी पुढे ढकला.