भाटाची साक्ष

जांभुळणीच्या जहागीरदारांनी ख्रिस्ती वस्तीच्या प्रार्थनाघराला कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली. म्हणाले, "तुमचा येशू खरंच होऊन गेला, याचा पुरावा आणा. ना त्याच्या हातचं पत्र, ना नावाचं नाणं. कुणीतरी रचलेला दिसतोय."

वस्तीच्या शाळेतल्या रूथबाई भर कचेरीत उभ्या राहिल्या. जहागीरदारांची वंशावळ लिहिणारा म्हातारा भाट तिथंच बसला होता. त्यालाच त्यांनी विचारलं, "भाटबुवा, एखादा पूर्वज रचायचा झाला, तर त्याला मरण कसलं देता?"

"रणांगणावरचं," भाट म्हणाला.

"आणि जन्म?"

"वाड्यात, सोन्याच्या पाळण्यात."

"गोठ्यात जन्मलेला, चोरांच्या जोडीनं सुळावर चढवलेला पूर्वज कुणी रचून घेतला का?"

"चाळीस वर्षांत कुणी नाही. असला पूर्वज खराच असतो, बाई. लोक तो लपवायला सांगतात."

"आम्ही तर दर रविवारी सांगतो," रूथबाई म्हणाल्या. "आता शेवटचं विचारते. सरकारांच्या वंशावळीतले किती जण रणांगणावर..."

जहागीरदारांनी घाईघाईनं किल्ली पुढे केली. रूथबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. भाटानं त्यांच्याहून मोठा टाकला.