मुंबई ते बँकॉक

“भंते, तीन हजार किलोमीटर म्हणजे जवळ की लांब?”

भंते विनयबोधी आपल्या चीवराला ठिगळ लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशानं जायचं?”

“विमानानं. मुंबई ते बँकॉक. सव्वाचार तास.”

“पाठ आहे की तुझं!”

पाठच होतं. फोन आल्यापासून तीन दिवस क्षितिजानं दुसरं काही केलंच नव्हतं. भाऊ सुमेध तिकडे हॉटेलात आचारी. मोटारसायकलनं उडवलं, खुबा मोडला. उद्या सकाळी ऑपरेशन. आईवडील गेलेले, मागे ही दोघंच. “तू येशील ना गं?” त्यानं विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, “बघते.”

तिकीट काढलेलं होतं. बॅग विहाराबाहेरच्या रिक्षात होती. विमान चारचं, आणि आता साडेबारा वाजले होते. “दोन मिनिटांत येते,” असं रिक्षावाल्याला सांगून ती आत शिरली, त्याला अर्धा तास झाला होता.

“गंमत बघा भंते,” ती म्हणाली. “जाताना घड्याळात पावणेसहा तास दिसतात, येताना जेमतेम तीन. तिकडचं घड्याळ दीड तास पुढे ना, म्हणून.”

“मग येतानाचंच विमान धर.”

ती हसली. मग हसू अर्ध्यातच विरलं.

“मधे समुद्र आहे भंते. दीड-दोन तास खाली नुसतं पाणी.”

“पोहता येतं?”

“नाही.”

“मलाही नाही.”

सुई वर आली, खाली गेली.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. क्षितिजा अशी दचकली, की मांडीवरची पर्स खाली पडली. ती उचलून तिनं पोटाशी घट्ट धरली.

“आणि समजा मी पोचले... आणि तोवर तो...”

भंतेंचा हात पहिल्यांदाच थांबला.

“एकदा सगळं नीट मोजून घेते भंते,” ती घाईघाईनं म्हणाली. “अंतर, वेळ, सगळं. मनाची खात्री पटली की निघतेच.”

“बरं.”

भंतेंनी सुई कापडात खोचली. खांबाला धरून ते उठले. ब्याऐंशी वर्षांचे गुडघे कटकन वाजले. सावकाश पावलं टाकत ते दाराकडे निघाले.

रिक्षाला परत पाठवतात वाटतं... क्षितिजाच्या मनात आलं, आणि तिला एकदम हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लगेच लाजही वाटली.

पण भंते पायरीशीच वाकले. तिथं काढलेल्या तिच्या चपला त्यांनी दोन्ही हातांनी उचलल्या, चीवराच्या टोकानं त्यांच्यावरची धूळ पुसली, आणि त्या घेऊन ते तिच्याकडे यायला वळले.

“भंते! अहो भंते, नको!”

ती कधी उठली, विहाराचं ते एवढं लांब सभागृह कसं ओलांडलं, तिचं तिला कळलं नाही. गुडघा खांबावर आपटला तेही कळलं नाही. चपला हिसकावून घेऊन ती तापलेल्या पायरीवर अनवाणी उभी होती. धाप लागलेली, डोळ्यांत पाणी.

“असं काय करता हो... माझ्या चपला... तुम्ही...”

भंतेंनी हात झटकले. ती बसली होती त्या जागेकडे एकदा पाहिलं, मग तिच्याकडे.

“मोजायचं राहिलं वाटतं, पोरी.”